वॅट पुरेसे, तरी ॲम्प बंद का पडतो?

प्रश्न: माझा ॲम्प्लिफायर ८ ओहमवर चॅनेलमागे ५० वॅटचा आहे, मागे ‘किमान ४ ओहम’ असं छापलंय. ८ ओहमच्या स्पीकरजोडीवर तो ठीक चालायचा. आता डाव्या चॅनेलला ४ ओहमचा पॅसिव्ह (आत स्वतःचा ॲम्प नसलेला) सबवूफरही, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, जोडला, तर आवाज वाढवला की दहा मिनिटांत बंद पडतो. जास्त वॅटचा घेऊ का?

उत्तर: नको. अडचण वॅटची नाही, ओहमची, म्हणजे स्पीकर करंटला करतो त्या विरोधाची आहे. ८ आणि ४ ओहम पॅरलल, म्हणजे एकाच टर्मिनलवर शेजारीशेजारी जोडले की ८×४ भागिले ८+४, म्हणजे जेमतेम २.६७ ओहम उरतात. विरोध कमी, म्हणून ॲम्पमधून मर्यादेबाहेर करंट ओढला जातो, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापतो आणि प्रोटेक्शन लागतं, म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. ते लागतंय हे नशीबच, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असते. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडून १२ ओहम करता येतील, पण मग स्पीकरचा सूर बिघडतो.

सबवूफर आजच काढा. त्याला लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) असलेला, ४ ओहम चालणारा वेगळा मोनो ॲम्प द्या, किंवा सरळ ॲक्टिव्ह, म्हणजे आत ॲम्प असलेला सबवूफर घ्या. तुमच्या ॲम्पला ‘सब आउट’ (सबवूफरसाठीचं वेगळं आउटपुट) नसेल तर ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेलाच निवडा. त्याच्या वायरी स्पीकर टर्मिनलवरच लागतात, पण ॲम्पवर भार जवळजवळ पडत नाही. क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर सबवूफर वाजवतो ती मर्यादा) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. मग नेहमीच्या खुर्चीत बसा, कुणालातरी सबवूफरचा फेज स्विच (आवाजाची लाट उलटवणारा) ० आणि १८० अंशांवर फिरवायला सांगा. ढोलकीचा धुम्मा जिथे भरदार वाटेल तिथे ठेवा.