भूत लाजलं की लाजली?

डिचोलीच्या एका वाचकाने विचारलंय: "मोठ्यांसाठीची कादंबरी लिहितोय, पॅरानॉर्मल रोमँटिक कॉमेडी म्हणतात तशी. नायिका भूत आहे. १९८० च्या सुमारास रजिस्ट्रारसमोर लग्नाची पहिली सही झाली, दुसरीच्या आधी ती वारली, आणि तेव्हापासून फोंड्याजवळच्या एका जुन्या घरात राहते. ते घर भाड्याने घेतलेला बत्तीस वर्षांचा माणूस तिच्या प्रेमात पडतो. तिला हडळ म्हणावं, जखीण म्हणावं की आपल्याकडचा देवचार चालेल? आणि या प्रकाराला 'अतींद्रिय शृंगारिक प्रहसन' म्हटलं तर?"

शेवटचं आधी उरकतो. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांना न कळणारं. शृंगाराच्या कादंबरीला ते विशेषण लावलंत तर गिऱ्हाईक पहिल्या पानाआधीच निराश होईल. प्रहसन हे नाटक असतं, कादंबरी नव्हे. आणि मलपृष्ठावर 'प्रौढांसाठी' असं छापायचा विचार असेल तर तोही सोडा, त्याला प्रौढ शिक्षणाच्या वर्गाचा वास येतो. आपल्याकडे 'भुताटकी' आहे, 'चावट' आहे. 'भुताटकीची चावट प्रेमकथा' म्हटलं की काय मिळणार ते कुणालाही कळतं.

आता नायिका. इथे खरी मेख आहे, कारण मराठीत भुताला नाव देणं म्हणजे त्याचा विवाहविषयक दाखला काढणं. कोकणपट्टीतल्या समजुती पाहा (गावागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण साचा तोच). सवाशीण असताना मेली आणि इच्छा राहिली तर जखीण. विधवा मेली तर लांव. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेली तर अलवंतीण. हडळही बाळंतिणीचीच, बहुतेक ठिकाणी बाळंतपणानंतरच्या दहा दिवसांत गेलेली. पुरुषांकडेही तेच. मुंज झाली, लग्न व्हायचं राहिलं, तो पिंपळावरचा मुंजा. समंध हा शब्द तर 'संबंध'चाच अपभ्रंश. ज्याचा इथला संबंध सुटला नाही, मागे क्रियाकर्म करायला कुणी उरलं नाही, तो समंध. कसा मेला यापेक्षा कुणाचा कोण असताना मेला, याची चौकशी आपली भाषा आधी करते.

तुमच्या नायिकेला यातलं काहीच लागू पडत नाही, आणि कादंबरीतली सगळ्यात चांगली गंमत मला तरी तीच वाटते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: इथे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते. पहिल्या सहीला दोघं फक्त इरादा जाहीर करतात. मधे हरकती घ्यायला मुदत असते. दुसरी सही झाली की लग्न पक्कं. म्हणजे ही बाई सवाशीण नाही, विधवा नाही, बाळंतीण नाही. मुलगा असती तर मुंजा म्हणून मोकळे झालो असतो, पण लग्नाआधी गेलेल्या मुलीसाठी तसा घरोघरी ठाऊक असलेला शब्द नाही. गावच्या घाड्याला, म्हणजे भूत उतरवणाऱ्याला, बोलावलं तर तोही विचारणार, "बाये, तूं कोणाची?" आणि हिच्याकडे उत्तर म्हणून अर्धी सही. तो प्रसंग लिहाच.

'हडळ' नको याला आणखी एक कारण आहे. मराठी माणूस हडळ म्हटलं की लगेच खाली बघतो, पावलं उलटी आहेत का ते. मग मिरामारच्या वाळूत ती निघून जाताना ठसे मात्र जवळ येणारे उमटणार. एकदा हसायला ठीक आहे, तीनशे पानं नाही. शिवाय आजच्या बोलण्यात हडळ ही सरळ शिवी झाली आहे. नायकाने लाडात जरी म्हटलं तरी वाचकाला सासू आठवेल.

देवचार तर अजिबात नको. सत्तरी, पेडणे, डिचोलीकडे देवचार हा गावचा राखणदार. रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, त्याला रोट, विडी, दारूचा मान द्यायचा असतो. तो पुरुष आहे, वयस्क आहे, आणि त्याला प्रेमात पाडलंत तर गावात गाऱ्हाणं तुमच्याच नावाने घालतील. ख्रिस्ती कोंकणीत त्याच शब्दाचा अर्थ सैतान. म्हणजे एकाच घराच्या दोन शेजाऱ्यांना एकाच शब्दातून दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येणार. दुय्यम पात्र म्हणून मात्र त्याला जरूर घ्या. कुंपणाबाहेर उभा राहून "जेवण झालें?" म्हणणारा देवचार मला आत्ताच दिसतोय.

उरलं साधं 'भूत'. आणि ते नपुंसकलिंगी आहे! बहुतेक लेखक इथे बिचकतात आणि 'भूतीण' करून बसतात. तसं करू नका. हे लिंग तुमच्या फायद्याचं आहे.

दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. "भूत लाजलं." "ती लाजली." पहिल्याला हसू येतं, दुसऱ्याने गोष्ट पुढे सरकते. सुरुवातीची चाळीस-पन्नास पानं नायकाच्या नजरेने ती 'भूत'च राहू दे: भूत बलकांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत) बसलं होतं, भुताने फ्रिज उघडला, भुताला सोलकढीत मीठ कमी वाटलं. मग एका साध्या वाक्यात, कुठलाही गाजावाजा न करता, क्रियापद बदला: "भूत खिडकीशी गेलं आणि तिथेच उभी राहिली." व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य चुकलेलं आहे. मुद्रितशोधक लाल करेल. पण तो माणूस प्रेमात पडला हे सांगायला मराठीत याहून कमी शब्द लागणार नाहीत. असं वाक्य पुस्तकात एकदाच हवं. दुसऱ्यांदा केलंत तर ती खरोखरच चूक ठरेल.

क्रियापदांचं भांडवलही तुमच्याकडे तयार आहे. भूत लागतं, तसं वेड लागतं, नाद लागतो, लळा लागतो, जीवही लागतो. झपाटलेला माणूस मांत्रिकाकडे नेण्याजोगा असेल किंवा प्रेमात पडलेला असेल, हे नुसत्या शब्दावरून ओळखता येत नाही. शेजारीण जेव्हा नायकाच्या आईला फोन करून म्हणते, "पोराला काहीतरी लागलंय," तेव्हा दोन्ही अर्थ खरे असतात आणि आई घाबरते तो तिसराच, दारूचा. भूत मानगुटीवर बसतं, प्रेम गळ्यात पडतं. दोन्ही गोष्टी मानेच्या आसपासच. फरक पडतो तो सुटताना. भूत उतरतं, प्रेम ओसरतं किंवा आटतं. 'प्रेमाचं भूत उतरलं' असं म्हणतो तेव्हा ते प्रेम नव्हतंच, हे आपण त्या क्रियापदातूनच कबूल केलेलं असतं. तेव्हा शेवटाकडे घाडी येऊन "उतरवतो" म्हणाला की नायकाने घाबरायला हवं, नायिकेने नव्हे. (मला पछाडणे हा शब्द मात्र इथे आवडत नाही. संशयाने, कर्जाने, मूळव्याधीने पछाडतात. प्रेमकथेत तो आला की औषधाच्या बाटल्या दिसायला लागतात.)

आता खास गोव्याची गोष्ट, जी पुण्याच्या लेखकाला मिळणार नाही. आपल्या कोंकणीत वयाने लहान किंवा बरोबरीच्या मुलीला नपुंसकलिंगीच बोलतात: "तें खंय गेलें?" म्हणजे ती कुठे गेली. त्यात तुच्छता नाही, उलट जवळीक आहे. पलीकडे मालवणीतही "ता खंय गेला?" असंच. म्हणजे तुमचा नायक पुण्या-मुंबईकडचा असेल, तर तो 'ते भूत'पासून 'ती'पर्यंत येणार, आणि शेजारची मावशी त्याच मुलीला पहिल्या दिवसापासून मायेने 'तें' म्हणत असणार. त्याला वाटेल मावशी तिला वस्तू समजते. मावशीला वाटेल हा 'ती' म्हणून पोरीला उगाच म्हातारी करतोय. या गैरसमजावर एक अख्खं प्रकरण उभं राहील, आणि त्यात कुणाला कोटी करावी लागणार नाही.

सावध एवढंच राहा की पात्राच्या तोंडची कोंकणी लिहिताना अनुस्वार टिकला पाहिजे. मराठीत पूर्वी 'तें', 'गेलें', 'हसलें' असंच लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. कोंकणीत ते आजही नाकातून ऐकू येतात. प्रकाशक जर सह्याद्रीच्या पलीकडचा असेल तर मावशीची सगळी 'तें' जुनं शुद्धलेखन समजून 'ते' होऊन येतील, आणि मग ती मुलीबद्दल बोलते आहे, भुताबद्दल की चार पुरुषांबद्दल, काहीच कळणार नाही. हस्तलिखितासोबत याची वेगळी चिठ्ठी जोडा, आणि दुसरं मुद्रित स्वतः तपासा.