ग्रामविकास होऊनही समृद्धी सगळ्यांपर्यंत का पोहोचत नाही?

कारण आपण विकास मोजतो तो रस्ते, इमारती आणि खर्च झालेल्या निधीवरून. रस्ता हवाच, पण त्याच रस्त्याने गावचा कच्चा माल स्वस्तात बाहेर जाणार असेल, तर नफा दुसरीकडेच जमतो. खरा प्रश्न मालकीचा आहे.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातला दूधसंघ, म्हणजे आपण ज्याला अमूल म्हणून ओळखतो तो, बघा. 1946 मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो उभारला. गावातल्या संस्थेत दूध मोजलं जातं, फॅट तपासलं जातं आणि त्यानुसार पैसे मिळतात. एकच म्हैस असलेला भूमिहीनही सभासद होतो आणि मत प्रत्येकाला एकच, दूध कितीही घाला. महत्त्वाचं म्हणजे लोणी-पावडर करणारा कारखानाही संघाचाच, त्यामुळे प्रक्रियेतून वाढलेली किंमत उत्पादकांकडे परत येते. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

अर्थात, ज्याच्याकडे जनावरच नाही तो यातही बाहेरच राहतो. गोठ्यात राबणाऱ्या बाईचं नाव सभासद यादीत नसेल, तर पैसा तिच्या हाती येत नाही. म्हणून कोणत्याही योजनेत मी आधी दोन गोष्टी बघतो: मालमत्ता कोणाच्या नावावर आणि पैसे कोणाच्या खात्यात.