पुतण्याला पिक्चर काढायचाय!

प्रश्न : नमस्कार ताई, माझा पुतण्या पुण्यात आयटीत होता, नोकरी सोडली आणि आता म्हणतो मराठी पिक्चर प्रोड्यूस करणार, त्यासाठी त्याच्या वाटणीची जमीन विकायचीय. घरात रोज भांडण. मला एकच कळत नाही, डायरेक्टर पिक्चर काढतो, हिरो काम करतो, मग प्रोड्यूसर पैसे देण्यापलीकडे करतो काय? – एक काका, कराड

उत्तर : काका, मी चार वर्षं एका प्रॉडक्शन ऑफिसात व्हाउचर फाईल केलीत, त्यामुळे तुमचा प्रश्न मला डायरेक्टरच्या प्रश्नांपेक्षा जवळचा वाटतो. करतो काय म्हणाल तर सगळं उरलेलं करतो. जनरेटर आला नाही, हिरोईनच्या डेट्स पुढच्या सिरीयलला गेल्या, सीनमध्ये बैल आहे आणि प्राणी कल्याण मंडळाचं एनओसी काढायचं राहिलं म्हणून सेन्सॉरला अडकलं, हे सगळे फोन त्यालाच. आणि मोठ्या स्टुडिओचं पाठबळ नसेल तर फोन घेणारा तोच आणि चेक फाडणाराही तोच.

पण खरी गोम शूटिंगनंतर आहे. शूटिंग संपलं की सगळे पेढे वाटतात, आणि मी बघितलंय, त्याच दिवशी अकाउंटमध्ये फारसं काही उरलेलं नसतं. एडिटिंग, साउंड, कलर करायचंय, पब्लिसिटी करायचीय, थिएटरमध्ये डिजिटल प्रोजेक्शनची फी भरायचीय, तीही बहुतेक वेळा प्रोड्यूसरच्याच खिशातून. आता तिकिटाचा हिशेब बघा. १५० रुपयांचं तिकीट, त्यातून १८ टक्के जीएसटी गेला की राहिले साधारण १२७. २००९ साली हिंदीच्या निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे पिक्चर देणंच बंद केलं होतं, दोन महिने भांडण चाललं आणि मग जे ठरलं त्यात पिक्चरवाल्यांना पहिल्या आठवड्याला निम्मा वाटा, दुसऱ्याला साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे त्या हिशेबाने पहिल्याच आठवड्यात तुमच्या पुतण्याकडे तिकिटामागे येणार ६३-६४ रुपये, त्यातून वितरकाचं कमिशन जायचं ते वेगळंच. आणि शो सकाळी साडेनऊचा लागला तर? कोण जाणार साडेनऊला, तुम्ही जाल?

बक्षिसं मिळाली तरी हे सुटत नाही. 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करला भारताकडून तो गेला, तरी अमेरिकेत तिथल्या लोकांना पिक्चर दाखवायला पैसे लागतात म्हणून इथे लोकांनी वर्गणी काढली होती. उलटं उदाहरण 'कोर्ट'चं. विवेक गोम्बर म्हणजे मूळचा नट, त्याने डायरेक्टर चैतन्य ताम्हाणेवर पैसे लावले, पिक्चरमध्ये वकिलाचं कामही केलं, तो पिक्चर २०१४ ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमधून बक्षीस घेऊन आला आणि मग इथे रिलीज झाला. असं दरवेळी होत नाही हं काका, पण क्रम लक्षात घ्या.

पुतण्याला बजेटचा कागद मागा. त्यात रिलीजच्या ओळीसमोर जागा कोरी असेल तर जमीन विकायची नाही, भांडण झालं तरी चालेल. आणि पाच मिनिटांचं काहीतरी शूट करून दाखव म्हणावं आधी.

प्रश्न : ताई, दादासाहेब फाळक्यांनी बायकोचे दागिने विकून पिक्चर काढला आणि शेवटी गरिबीत गेले असं शाळेत शिकलो. एवढा मोठा माणूस, मग पैसा गेला कुठे? – वाचक, नाशिक

उत्तर : दागिन्यांची गोष्ट आपण फार डोळे भरून सांगतो त्यामुळे फाळके धंद्यात कच्चे होते असं वाटतं. नव्हते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ ला लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि पैसे लावणाऱ्याला विश्वास बसावा म्हणून आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची छोटी फिल्म केली. (वर काकांना सांगितलं तेच की!) फिल्मला भोकं पाडायचं, धुवायचं काम सरस्वतीबाई करायच्या, म्हणजे घर हीच लॅब. ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७ च्या 'लंकादहन'ने तर एवढा गल्ला केला की नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात.

पैसा नव्हता असं नाही, पैसा दुसऱ्यांचा झाला. १९१८ ला मुंबईच्या भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी झाली, आणि खर्च किती, कसा करायचा यावरून वाद सुरू झाले. फाळक्यांना पिक्चर आपल्या मनासारखा हवा, भागीदारांना हिशेब. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच ते टिकलं नाही. वैतागून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, परत आले पण मालक म्हणून नाही. मग बोलपट आले. 'सेतुबंधन' मूकच शूट केला होता, त्याला मागाहून आवाज चढवावा लागला. शेवटचा 'गंगावतरण' १९३७ चा, वय सदुसष्टच्या घरात, आणि तो होता कोल्हापूर सिनेटोनचा. डायरेक्टर फाळके, पण बॅनर दुसऱ्याचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला गेले, तुमच्याच नाशिकला.