लीड्सचे दोन नळ आणि एक दोरी

प्रश्न : ताई, मी पुण्याचा, सध्या लीड्सला शिकतोय, इंग्रज पोरांबरोबर जुन्या घरात राहतो. बेसिनला दोन वेगळे नळ, एकातून चटका दुसऱ्यातून बर्फ, तोंड धुवायचं कसं? बाथरूममध्ये लाइटचं बटण नाही, छतातून दोरी लटकतेय! आणि पबमध्ये ही पोरं मला न मागता ज्यूस पाजतात, पैसे दिले तर घेत नाहीत. एवढी प्रेमळ आहेत का?

उत्तर : अरे बाबा, प्रेमळ असतीलही, पण त्याला राउंड म्हणतात! पाळीपाळीने एकाने सगळ्यांसाठी घ्यायचं, तू ज्यूस पितोस म्हणून पाळी चुकत नाही, आणि ते तोंडाने मागणार नाहीत, मनात मात्र बरोब्बर नोंद ठेवतील. तेव्हा आज तूच उठ आणि काउंटरवर जा, वेटरची वाट बघत बसू नकोस.

नळांचं म्हणशील तर जुन्या घरांत गार पाणी थेट मेन लाइनचं, पिण्याचं, आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून आलेलं, ते एकमेकांत मिसळू नये म्हणून ही वाटणी. बूच लाव, दोन्ही नळ सोड, झालं. दोरी ओल्या हाताला शॉक बसू नये म्हणून असते, बिनधास्त ओढ. फक्त दिव्यांगांच्या टॉयलेटमधली लाल दोरी ओढू नकोस हं, तो मदतीचा अलार्म असतो, माणसं धावत येतात!