स्फोट घडवणारा ‘राजकीय’ आरोपी ठरतो का?

प्रश्न : बॉम्बस्फोट घडवून परदेशी पळालेला आरोपी ‘माझा गुन्हा राजकीय आहे’ म्हणाला आणि त्या देशाशी प्रत्यार्पण करारही नसला, तर तो सुटतो का?

उत्तर : नाही, निदान कायद्याने तरी नाही. दहशतवादी बॉम्बस्फोटांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९७ साली स्वीकारला. त्याच्या कलम ११ने या करारात सामील देशांसाठी ही पळवाट बुजवली : केवळ गुन्हा राजकीय आहे एवढ्याच कारणाने प्रत्यार्पण नाकारता येत नाही. विद्यार्थ्यांना मी हे कलम दोनदा वाचायला लावते. बाजारात स्फोटके ठेवण्याला राजकारण म्हणणे मला कधीच पटलेले नाही. वेगळा द्विपक्षीय करार नसला, तरी हाच करार आधार मानता येतो. आणि सोपवायचे नसेल, तर खटला आपल्याच यंत्रणेकडे विनाविलंब द्यावा लागतो.

अडते ते विश्वासापाशी. १९८८मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर विमान बॉम्बने उडाले, २७० माणसे गेली. दोन्ही आरोपी लिबियाचे; लिबिया म्हणत होता, खटला आम्हीच चालवू. ब्रिटन-अमेरिकेचा त्यावर विश्वास नव्हता. लिबियावर निर्बंध आले, वर्षे गेली. शेवटी १९९९मध्ये दोन्ही आरोपी नेदरलँड्सला आणले गेले. तिथल्या एका जुन्या लष्करी तळावर स्कॉटिश न्यायाधीश बसले, कायदाही स्कॉटिश! २००१मध्ये एक दोषी ठरला, दुसरा निर्दोष सुटला.

मात्र धर्म, वंश किंवा राजकीय मतांमुळे छळ करण्यासाठीच माणूस मागितला जातोय असे मानायला सबळ कारण असेल, तर कलम १२नुसार नकार देता येतो. ती तरतूद हवीच.