वाचकांचे प्रश्न: कर्नलमधलं फाइल-परवानगीचं मोड्यूल परत लिहायचंय

प्रश्न: आमच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वीचं लिनक्सचं एक कर्नल मोड्यूल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात वरून जोडायचा कोड, आहे. सिस्टिम कॉल टेबलमध्ये (प्रोग्रामने मागितलेलं काम कर्नलचं कुठलं फंक्शन करणार त्याची यादी) ओपनच्या जागी ते आपलं फंक्शन बसवतं, पाथ वाचतं, नियमांच्या यादीशी ताडून बघतं आणि मग फाइल उघडू देतं किंवा नाही म्हणतं. नवीन कर्नलवर लोड होतं पण काहीच अडवत नाही, आणि जुन्या सर्व्हरवर बॅकअप सुरू झाला की मशीन इतकं रेंगाळतं की अ‍ॅडमिन मोड्यूलच काढून ठेवतात. आता नव्याने लिहायला हो मिळालंय. आधी सिक्युरिटी बघू की स्पीड? – एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्हीचं मूळ एकच आहे, म्हणून आधी-नंतर हा प्रश्नच सोडून द्या. तुमचं मोड्यूल फाइलचं नाव तपासतंय, आणि तेही कर्नलने फाइल शोधायच्या आधी. तिथूनच भोकं पडतात आणि तिथूनच वेळ जातो.

भोक कसं ते जवळून बघा. प्रोग्रामने ओपन म्हटलं, पाथची स्ट्रिंग त्या प्रोग्रामच्याच मेमरीत पडलेली आहे. तुमचं फंक्शन ती कॉपी करून घेतं, तपासतं, ठीक आहे म्हणतं आणि खऱ्या ओपनला बोलावतं. खरा ओपन तीच स्ट्रिंग त्याच मेमरीतून दुसऱ्यांदा कॉपी करतो. या दोन कॉपींच्या मधल्या वेळात त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या भागाने) तिथे वेगळा पाथ लिहिला तर तुम्ही तपासली एक फाइल आणि उघडली दुसरीच. एक थ्रेड दोन पाथ आलटून पालटून लिहितोय आणि दुसरा नुसता ओपन करत सुटलाय, एवढा छोटा प्रोग्राम पुरतो, मी स्वतः सांभाळत होतो त्या असल्याच एका मोड्यूलवर हे करून पाहिलंय, मल्टिकोअर मशीनवर फार वाट बघावी लागली नाही. सुरक्षा-संशोधक रॉबर्ट वॉटसन यांनी २००७ मध्ये सिस्ट्रेससारख्या सिस्टिम कॉल रॅपरवर, म्हणजे तुमच्यासारखंच कॉल मध्येच थांबवून तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हेच सविस्तर दाखवलं होतं. स्ट्रिंग तुम्ही सुरक्षित कॉपी करून पुढे दिली तरी मधल्या वेळात सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) बदलता येते, डिरेक्टरीचं नाव बदलता येतं, त्यामुळे त्या वाटेने नीट होणारच नाही.

शिवाय दारं एक नाहीत. ओपन, ओपनअ‍ॅट, हँडलवरून उघडणं, कर्नल ५.६ मध्ये आलेला ओपनअ‍ॅट२, आणि त्याच ५.६ पासून आयओ-युरिंगमधूनही (कामं रांगेत टाकून कर्नलकडून करून घ्यायची सोय) फाइल उघडता येते, जी तुमच्या टेबलाकडे फिरकतच नाही. आता नवीन कर्नलचं: सिस्टिम कॉल टेबल २.६ पासूनच मोड्यूलसाठी एक्सपोर्ट, म्हणजे खुलं, होत नव्हतं, नाव देऊन पत्ता काढायची सोय ५.७ मध्ये मोड्यूलसाठी बंद झाली, तुम्ही बहुतेक केप्रोबची (चालू कर्नलमधल्या फंक्शनवर सापळा लावायची सोय) पळवाट घेतली असणार. आणि ६.९ पासून एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर कॉल त्या टेबलातून जातच नाहीत, स्विच स्टेटमेंटमधून जातात. म्हणून लोड होतं, एरर नाही, आणि अडवतही काही नाही. माझ्या मते सगळ्यात घातक प्रकार हाच, कारण लोकांना वाटतं राखण चालू आहे.

मग बसायचं कुठे? एलएसएमच्या (लिनक्स सिक्युरिटी मोड्यूल्स) हुकवर, म्हणजे कर्नल परवानगी विचारायला जिथे थांबतो त्या ठिकाणी. २००१ च्या कर्नल समिटमध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने एसईलिनक्स ही आपली सुरक्षा-व्यवस्था मांडली तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एकच मॉडेल घेण्याऐवजी सगळ्यांना वापरता येईल अशी चौकट मागितली, ती डिसेंबर २००३ मध्ये २.६ सोबत आली. फाइल उघडण्याचा हुक येतो तेव्हा कर्नलने पाथ चालून संपवलेला असतो, हातात खरा इनोड (फाइलची कर्नलमधली मूळ नोंद) असतो, आणि माणूस कुठल्याही दारातून आला तरी इथे यावंच लागतं. आपल्याकडे ‘मारुतीच्या देवळामागचं शेत’ म्हणतात आणि सातबाऱ्यावर गट नंबर असतो, व्यवहार गट नंबरावर होतो ना, तसंच. फक्त इनोडचा नुसता आकडा साठवू नका, फाइल डिलीट झाली की तोच आकडा दुसऱ्या फाइलला मिळू शकतो. लेबल, म्हणजे फाइल कुठल्या वर्गातली ते सांगणारी खूण, इनोडच्याच सिक्युरिटी ब्लॉबमध्ये (त्यासाठी राखलेल्या जागेत) ठेवा आणि डिस्कवर फाइलसोबतच्या एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये.

याची एक किंमत आहे, ती आधीच समजून घ्या. पासवर्ड बदलला की शॅडो फाइल (पासवर्डचे हॅश असलेली) जागच्या जागी लिहिली जात नाही, शेजारी नवी फाइल तयार होते आणि मग रिनेम करून जुन्या नावावर बसवली जाते. म्हणजे नाव तेच, इनोड नवा, आणि तुमचं लेबल जुन्याबरोबर गेलं! त्यामुळे फाइल जन्मतानाच लेबल द्यायचा नियम लागतो, पेरेंट डिरेक्टरी आणि कोण तयार करतंय यावरून. अ‍ॅपआर्मर हे दुसरं एलएसएम पाथवर चालतं त्यामागे हा त्रास टाळणं हेही आहे, आणि कर्नलमध्ये शिरण्याआधी त्याला पुष्कळ बदल करावे लागले, ऑक्टोबर २०१० मध्ये २.६.३६ ला ते आलं. तुमचे नियम ‘या डिरेक्टरीखालचं सगळं’ अशा थाटाचे असतील तर तो रस्ताही वाईट नाही, पण मग हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव), रिनेम, माउंट या सगळ्यांचे हुक तुम्हाला सांभाळावे लागतील. मी लेबलच घेईन.

आता स्पीड. तुमचा वेळ कुठे जातो ते मी न बघता सांगतो: प्रत्येक ओपनला पाथची पूर्ण स्ट्रिंग बांधणं, मग यादी वरून खालपर्यंत चालणं, आणि तेही सगळ्या सीपीयूंना एकच लॉक. बॅकअप म्हणजे लाखो ओपन, सगळे त्या एका लॉकपुढे रांगेत. लेबल आलं की स्ट्रिंग गेलीच. यादीच्या जागी प्रोसेसचं लेबल आणि फाइलचं लेबल अशी जोडी हॅश टेबलमध्ये शोधा आणि निकाल कॅश करा, एसईलिनक्सचा एव्हीसी हा निकालांचा कॅश हेच करतो, आणि त्याचंही आधी लॉकवरच अडत होतं, जपानच्या कोहेई काइगाई यांनी तो आरसीयूवर (वाचताना लॉक न लागणारी कर्नलची पद्धत) नेला. वाचणाऱ्याने लॉक घ्यायचाच नाही. पॉलिसी बदलली की नवी प्रत पूर्ण तयार करा, पॉइंटर बदला, जुनी प्रत ग्रेस पीरियड (ती वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंतचा वेळ) संपल्यावर फ्री करा.

एक ठिकाण लोक हमखास विसरतात. मार्च २०११ मधल्या २.६.३८ पासून कर्नल पाथही लॉक न घेता चालतो, त्या वेळी परवानगीच्या हुकला ‘थांबू नकोस’ असा फ्लॅग येतो. तिथे झोपणारं काही करू नका, कॅशमध्ये उत्तर नसेल तर ईचाइल्ड हा एरर कोड परत द्या, कर्नल तीच वाट सावकाश पद्धतीने पुन्हा चालेल. उलट प्रत्येक वेळी ईचाइल्ड दिलंत तर सगळा फायदा गेला.

आणि कॅश शिळा होऊ देऊ नका. फाइल आधीच उघडी आहे आणि मग पॉलिसी कडक झाली, तर? एसईलिनक्स उघडताना पॉलिसीचा अनुक्रमांक फाइलसोबत लिहून ठेवतं, वाचताना-लिहिताना प्रोसेसचं लेबल, फाइलचं लेबल आणि हा अनुक्रमांक तिन्ही तेच असले तर लगेच सोडतं, एक जरी बदलला तर पूर्ण तपासणी. तीन तुलनांचं काम, आणि परवानगी काढून घेतली की ती खरंच निघते. हे जसंच्या तसं उचला. अपवाद एमएमॅपचा (फाइल थेट मेमरीत जोडून घेण्याचा), एकदा मेमरीत मॅप झालेलं पान हुकला परत विचारत नाही, त्यामुळे मॅप करतानाच नीट ठरवा.

शेवटची अडचण, २.६.२४ पासून एलएसएम मोड्यूल म्हणून लोड करता येत नाही, कर्नलमध्येच बिल्ड करावं लागतं. ग्राहकाचा कर्नल तुमच्या हातात नसेल तर ५.७ पासूनचं बीपीएफ एलएसएम (चालू कर्नलच्या हुकवर छोटे प्रोग्राम बसवायची सोय) बघा, इनोडला डेटा चिकटवायची सोय ५.१० मध्ये आली. आधी त्या मशीनवर सिक्युरिटीएफएसमधली (सुरक्षेची माहिती दाखवणारी कर्नलची फाइलसिस्टिम) एलएसएम नावाची फाइल उघडा, यादीत बीपीएफ दिसत नसेल तर बूट पॅरामीटर बदलावा लागेल, आणि ते बऱ्याच ठिकाणी बंद असतं.

प्रश्न: परत लिहायचंच तर सी ऐवजी रस्ट या भाषेत लिहावं का? – तेच वाचक

उत्तर: रस्ट ६.१ पासून कर्नलमध्ये आहे, मेमरीच्या चुका कमी होतील हे खरं. पण चुकीच्या जागी केलेली तपासणी रस्टमध्येही चुकीच्याच जागी राहते. आधी सी मध्ये हुक बसवा, वर सांगितलेला दोन थ्रेडचा प्रोग्राम रात्रभर चालवा, आणि ओपन-क्लोजचा लूप पर्फ (वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल) लावून मोड्यूलसकट आणि मोड्यूलशिवाय मोजा, एका कोअरवर आणि सगळ्या कोअरवर. आकडे आले की पाठवा, पुढचं त्यावर बोलू.