भाच्याचा गुडघा आणि तुमचा गुडघा

प्रश्न : माझं वय 57. कोल्हापुरात 22 वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते, दिवसभर उभं काम. दोन्ही गुडघे ग्रेड 3, म्हणजे चारपैकी तिसऱ्या पायरीपर्यंत झिजलेत, पुढेमागे वाटी बदलावी लागेल म्हणतात. एका क्लिनिकमध्ये मात्र सांगितलं, की पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल त्याच दिवशी गुडघ्यात टोचल्या की गादी परत उगवते. खर्च अडीच लाख. माझ्या भाच्याच्या गुडघ्यात मुंबईत पेशी वाढवून बसवल्या, तो आज पळतोय. मुलगा ठेव मोडायला तयार आहे. करावं का?

उत्तर : ताई, ठेव मोडू नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

भाचा बरा झाला ते खरंच आहे. पण त्याच्यावर झाली ती शस्त्रक्रिया वेगळी. तरुण गुडघ्यात मार लागून कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीला, एखादा खड्डा पडतो, आजूबाजूची कूर्चा धडधाकट असते. अशा वेळी सांध्याच्या कडेचा, भार न येणारा बारीक तुकडा काढून त्यातल्या कूर्चेच्याच पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात आणि त्या खड्ड्यात बसवतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये अशा 23 रुग्णांचे निकाल मांडले, तिथून ही पद्धत जगभर गेली. त्या पेशी स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात अशा मूळ पेशी, नव्हेत. आणि तुमच्या गुडघ्यात एक खड्डा नाही, सगळी फरशीच झिजली आहे.

गुडघ्यात घालायच्या दुर्बिणीतून मी हजारो गुडघे आतून पाहिलेत. निरोगी कूर्चा पांढरीशुभ्र, ओल्या संगमरवरासारखी चमकते. हत्याराने दाबली तर किंचित दबते आणि परत वर येते. झिजलेली कूर्चा पाण्यात शेवाळ हलावं तशी धाग्याधाग्यांनी हलते, मध्येच पिवळसर हाड उघडं दिसतं. कूर्चेत रक्तवाहिनी नाही, म्हणून जखम भरायला काही पोचतच नाही. मज्जातंतूही नाही, म्हणून बरीच झिजेपर्यंत दुखत नाही. हाडाला बारीक छिद्रं पाडून हाडाच्या आतल्या मगजातलं रक्त वर आणलं तर तिथे काहीतरी भरून येतं, पण ते जाडंभरडं, व्रणासारखं. मूळची घडण त्याला येत नाही.

मग टोचलेल्या स्टेम सेल करतात काय? त्यांचं कूर्चेत रूपांतर होतं असं पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात बहुतेक पेशी थोड्याच काळात मरतात. तोवर त्या जी रसायनं सोडतात त्यांनी सूज उतरते, दुखणं काही महिने कमी होऊ शकतं. या पेशींना 1991 मध्ये ज्यांनी स्टेम सेल हे नाव दिलं, त्या अमेरिकन शास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लन यांनीच 2017 मध्ये लिहिलं की हे नाव आता बदला, लोकांची दिशाभूल होते. अमेरिकेत सुमारे 480 रुग्णांवर चाचणी झाली : मगजातल्या, चरबीतल्या, नाळेतल्या पेशी एकीकडे आणि काहीशे रुपयांत मिळणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दुसरीकडे. 2023 मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर दुखण्यात पेशी स्टिरॉइडपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

या विषयात खरं काम चालू नाही असं नाही. दक्षिण कोरियात 2012 पासून नाळेतल्या रक्ताच्या पेशींचं औषध मान्य आहे; पण ते सुईने टोचत नाहीत, शस्त्रक्रिया करून हाडातल्या छिद्रांमध्ये भरतात. बंगळुरूच्या कंपनीने दात्याच्या मगजातून केलेल्या औषधालाही 2022 मध्ये आपल्याकडे गुडघ्याच्या झिजेसाठी मान्यता मिळाली. चरबी काढली, यंत्रात फिरवली, तासाभरात टोचली, हा प्रकार त्यात बसत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा अप्रमाणित उपचार नोंदणीकृत चाचणीतच करता येतो आणि रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. क्लिनिकला एवढंच विचारा : चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे?

मी हे एवढं तळमळीने लिहिते आहे त्याला कारण आहे. माझ्या एका रुग्णाने शेताचा तुकडा विकून अशी दोन इंजेक्शनं घेतली. दीड वर्षाने आला तेव्हा आधीचा आणि नंतरचा एक्स-रे खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. दोन हाडांमधली फट, म्हणजे उरलेल्या गादीची जागा, वाढायच्या ऐवजी कमीच झाली होती. तो मान खाली घालून बसला, मला काही बोलता येईना. वाटी बदलायला त्याच्याकडे पैसे उरले नव्हते.

तुम्ही आजपासून करायचं ते असं. पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटा. ओट्याशी उभं राहून नाही आणि जमिनीवर बसून तर नाहीच. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. सकाळ-संध्याकाळ वीस वेळा. मांडीचा स्नायू हाच झिजलेल्या गुडघ्याचा आधार. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. तीन महिने नेमाने करा. आणि तुमचा एक्स-रे उभं राहून काढलेला आहे का ते बघा. झोपवून काढला असेल तर खरी फट त्यात दिसत नाही, ग्रेडही चुकू शकते. तो आधी परत काढून घ्या.